अल्पशा आजाराने

विष्णू, तुझं कार्ड छापून आलं. काळी चौकट, मधोमध तुझं नाव, आणि नावाखाली ती ओळ: 'यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले.'

ती ओळ तू स्वतः जुळवलेली. छापखान्यात आठवड्याला चार-पाच तरी अशी कार्डं येतात, दर वेळी तेच शब्द कशाला जुळवायचे म्हणून तू ती एकदाच जुळवलीस, दोऱ्यानं बांधलीस आणि गॅलीच्या पत्र्याच्या ताटात कोपऱ्याला ठेवून दिलीस. नाव बदलायचं, तारीख बदलायची, ओळ तीच. मला तू ती दाखवली होतीस. शिशाच्या खिळ्यांवरची उलटी अक्षरं मला वाचता येईनात, तेव्हा बोट फिरवत वाचून दाखवलीस आणि म्हणालास, "आपल्या कोल्हापुरात लांबच्या आजारानं कोण मरतच न्हाय बघ. टीबी झाला, अल्पशा. दारू पिऊन गेला, अल्पशा. सोळा वर्षं खाटंवर पडून गेला, त्योबी अल्पशा." तुझ्या जागी आता जो कंपोझिटर आलाय, त्यानं तुझं नाव जुळवलं आणि कोपऱ्यातली ती ओळ उचलून त्याखाली लावली. त्याला काय ठाऊक.

मी कार्ड घेऊन तडक तुझ्या घरी गेले, ते भांडायलाच. आठ वर्षं तू मनाच्या ज्या आजाराबरोबर राहिलास, सात महिने ज्याच्यापायी घाटाखालच्या इस्पितळात काढलेस, ज्याचं नाव चारचौघांत घ्यायला तू कधी लाजला नाहीस, तो तुझ्या थोरल्या भावानं एका शब्दात पुसून टाकला, असं मला वाटलं. दारात तुझ्या वहिनी भेटल्या. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. 'खोटारडे' हा शब्द त्यात होता. त्यांनी ऐकून घेतलं. हातातलं सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "अगं, खोटं काय हाय त्यात? पोटात दुखाय लागल्यापास्नं चार दिवस. अपेंडिस फुटलं. अल्पशाच की त्ये."

खरंच होतं ते. जी ओळ तू खोटी म्हणून हसत बांधून ठेवलीस, ती नेमकी तुझ्याच कार्डावर खरी निघाली. आणि गावात तेवढीच एक कुणाला खरी वाटत नाही.

चहाच्या हॉटेलवाल्यानं कार्ड वाचलं, गल्ल्यावर उलटं ठेवलं आणि हळू आवाजात मला विचारलं, "काय केलं वो त्यानं?" दुसरं कुणी गेलं की लोक विचारतात, काय झालं. तुझ्याबद्दल विचारतात, काय केलं. शाळेतल्या बाईंनी हेच विचारलं, पोस्टमननं हेच विचारलं, तुझ्या जातीच्या आणि गल्लीच्या ज्या लोकांनी तुला कधी लग्नाच्या पंगतीला बोलावलं नाही त्यांनीही हेच विचारलं. मी सांगते, अपेंडिक्स. ते मान हलवतात, डोळे बारीक करतात. 'अल्पशा' म्हणतात आणि एकमेकांकडे बघतात. तुला जगायचं होतं. चष्म्याच्या दुकानात तुझा नवा चष्मा तयार होऊन पडलाय, कारण लग्नसराई जवळ आली होती आणि बारीक टाइप तुला दिसेनासा झाला होता. मरायला निघालेला माणूस चष्मा टाकतो का करायला? पण हे कोण ऐकतंय.

म्हणून हे लिहितेय. आठवणी काढून रडायला नव्हे. तुला कुणी मारलं ते सांगायला. त्यात माझंही नाव आहे, ते त्याच्या जागी येईल.

आपली ओळख त्याच हॉटेलातली. मी अठरा वर्षांची होते, बाबांबरोबर पत्रकं वाटत होते. अक्षरं शिकायच्या आधी मी पत्रकाची घडी घालायला शिकले, हे तुला मी शंभरदा सांगितलं असेल. तू नुकताच सात महिन्यांनी परत आला होतास. घरच्यांनी पेठेत सांगून ठेवलं होतं की पोरगं गोव्याला नोकरीला लागलंय. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं, "काय विष्णू, गोव्याला पगार किती पडायचा?" तू बशीतला चहा संपवलास आणि म्हणालास, "गोव्याला कुठलं. येड्यांच्या इस्पितळात होतो. चहा मातुर हितल्यापेक्षा बरा मिळायचा."

विचारणाऱ्यानं नजर बशीत घातली. मी हातात पत्रकं धरून तशीच उभी राहिले. शेवटी हॉटेलचा मालकच म्हणाला, "इस्पितळाचं काय ते बोल बाबा, चहाला नावं ठेवू नगंस." आणि तू हसलास, मोकळा, तोंडभर. मी आजवर पुष्कळ धीट माणसं बघितली, विष्णू. लाठी खाल्लेली बघितली, तुरुंगात जाऊन आलेली बघितली. त्यांच्यामागे घोषणा द्यायला शंभर लोक असायचे. तुझ्यामागे त्या दिवशी कुणी नव्हतं.

मी तुझ्या टेबलावर पत्रक ठेवलं. तू ते वाचलंस आणि मला परत बोलावलंस. मला वाटलं, काही वैचारिक विचारशील. तू म्हणालास, "दुसऱ्या ओळीत ऱ्हस्व-दीर्घ चुकलाय. कुणी छापलं?"

मग माझी पत्रकं तूच जुळवायला लागलास. मी 'हरामखोर' लिहिलं की तू म्हणायचास, "ह चे खिळे संपल्यात." 'नालायक' लिहिलं की 'न' संपायचा. लग्नाच्या पत्रिकांना मात्र सगळी अक्षरं पुरायची. मी चिडायचे, तू मान वर न करता खिळे उचलत राहायचास. गोळ्यांनी तुझे हात थरथरायचे. कंपोझिटरचे हात थरथरले तर काय होतं ते मी बघितलंय: अर्धी ओळ जुळली की एक खिळा निसटून खाली, आणि तू टेबलाखाली वाकून तो शोधतोयस. मालक ओरडायचा. तू म्हणायचास, "गोळी घेतली की हात हालतोय, न्हाय घेतली की डोकं हालतंय. तुमास्नी काय स्थिर पायजे तेवढं सांगा." मालकालाही हसू यायचं. आजार सांगायचा आणि वर हसवायचं, हे तू कुठून शिकलास?

दोन वर्षांपूर्वी तू ती बैठक सुरू केलीस. छापखान्याच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी, मालकाकडून किल्ली मागून घेऊन. कागदाच्या रिमांवर बसायचं. चित्रकलेचे मास्तर यायचे. बायको गेल्यापासून त्यांना झोप नव्हती आणि फळ्यावर सरळ रेघ येत नव्हती. कबनूरहून इस्माईल यायचा, यंत्रमागावर काम करणारा. मागाचा आवाज थांबला की त्याच्या छातीत धडधडायला लागायचं, आणि एस.टी.त बसायची त्याला एवढी भीती की पहिले दोन महिने तू स्वतः कबनूरपर्यंत त्याला सोडायला जायचास आणि उलट्या गाडीनं परत यायचास. मी यायचे. बैठकीला नाव नव्हतं. इस्माईलनं एकदा सुचवलं, "मंडळ म्हणू या की." तू म्हणालास, "मंडळ म्हटलं की गणपती बसवाय लागंल."

नियम एकच होता, 'मी' म्हणायचं. मास्तर सुरुवात करायचे, "आता माणसाला कसं होतं, की एकटेपणी..." आणि तू अडवायचास. "माणूस कोण, मास्तर? मी म्हणा." मास्तर पुन्हा, "म्हणजे आपल्याला..." "आपण कोण? हितं तुमी एकटंच बोलताय." तीन आठवडे लागले त्यांना 'मी' म्हणायला. म्हणाले आणि रडले. त्या आठवड्यात ते झोपले. दुसरी सवय तू आम्हाला लावलीस ती शरीरामागं न लपण्याची. कुणी म्हणालं, डोकं जड आहे, पोटात कालवतं, हातापायांत बळ नाही, की तू हसत म्हणायचास, "ते पोटाचं र्‍हाऊ दे बाजूला. तुझं काय चाललंय ते सांग." इस्पितळात तू बघितलं होतंस, म्हणालास, की माणसं वर्षानुवर्षं पोट दाखवत फिरतात आणि दुःख कुणाला दाखवत नाहीत.

हे तू शिकवलंस. आम्ही फार चांगले शिकलो.

मी तुझ्याशी त्यावरूनच भांडायचे. मी म्हणायचे, एकेकट्यानं 'मी मी' करून काही बदलत नाही, मास्तरांची झोप त्यांच्या पगारानं उडवलीय आणि इस्माईलची धडधड मागाच्या मालकानं लावलीय, त्याबद्दल बोला. तू म्हणायचास, "बोल की. पण तुझ्या पत्रकात माणूस कुठं असतो? जनता असती. जनतेला झोप येती का न्हाय हे कुणाला कळायचं?" मी म्हणायचे, रडून व्यवस्था बदलत नाही. तू म्हणायचास, "रडून झाल्यावर झोप येती. झोपलेला माणूस सकाळी तुझ्या मोर्च्याला वेळेवर येतोय." हा वाद आपण मिटवला नाही. मला तो मिटायला नकोच होता. दर आठवड्याला मी नवा मुद्दा घेऊन यायचे आणि तू खिळे उचलता उचलता तो मोडायचास.

माझी पाळी आली की मी म्हणायचे, "मला काही नाही, मी ऐकायला आलेय." दोन वर्षं. तू कधी आग्रह धरला नाहीस. एकदा फक्त चिडवत म्हणालास, "संपादकबाई, तुमी सगळ्यास्नी छापताय, तुमचं प्रूफ कोण वाचणार?" मी विषय बदलला. आता सांगते. वर्षातले दोन-तीन महिने मला सकाळी उठावंसं वाटत नाही. पाय जमिनीला लागले की वाटतं, आज काय म्हणून. मग मी एखादं पत्रक लिहायला घेते, कुणावर तरी चिडते, आणि रागावर दिवस काढते. राग संपला की मी कोण, हे मला ठाऊक नाही. हे तुला सांगायचं होतं आणि सांगितलं नाही. का, तर मी कार्यकर्ती. कार्यकर्तीला असलं काही होत नसतं.

आता तो दिवस.

तू बैठकीला उशिरा आलास. वाकून चालत होतास, उजवा हात पोटावर. किल्ली माझ्याकडे दिलीस, मी दार उघडलं. रिमेवर बसलास ते तिरका होऊन. मास्तरांनी विचारलं, "काय विष्णू?" तू म्हणालास, "पोटात दुखतंय. कालपास्नं."

मास्तर म्हणाले, "परवा मालक बोलले तुला, ते पोटात गेलं असणार." इस्माईल म्हणाला, "विष्णूभाऊ, ते पोटाचं ऱ्हाऊ दे बाजूला." तुझेच शब्द, तुझ्याच सुरात. सगळे हसले. तूही हसलास आणि हसताना तुझा चेहरा आवळला, हे मला दिसलं. दिसलं, विष्णू. आणि मी म्हणाले, "मी म्हण. पोट म्हणू नकोस. मी म्हणून बोल."

तू माझ्याकडे बघितलंस. "संपादकबाई," म्हणालास, "ह्या टायमाला पोटच हाय वो."

आम्ही आणखी हसलो.

तास-दीड तास आम्ही तुला बसवून ठेवलं. मालक काय बोलला, तुला काय वाटलं, लग्नसराईच्या कामाचा ताण आलाय का, गोळ्या बंद केल्यास का, आई आठवते का. मी तर वहीच काढली होती. एवढे प्रेमळ प्रश्न विचारले आम्ही, एवढे शहाणे, एवढे मोकळे. कुठं दुखतंय, एवढं एक सोडून. बाजारात बसलेल्या कुठल्याही बाईनं ते आधी विचारलं असतं. जिनं मनाबिनाबद्दल कधी एक शब्द ऐकलेला नाही ती म्हणाली असती, उठ रं, दवाखान्यात चल. आम्ही तुझे विद्यार्थी होतो, म्हणून आम्ही नाही विचारलं. तू घामानं भिजला होतास आणि मास्तर मला नंतर म्हणाले, "आज मोकळा झाला पोरगा."

हे माझं. आता त्यांचं.

दुसऱ्या दिवशी तू दाढी केलीस. वहिनींनी सांगितलं मला. उभं राहवत नव्हतं, तरी आरशापुढं बसून दाढी केलीस, इस्त्रीचा शर्ट घातलास, केसाला पाणी लावलंस. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, नटताय कशाला? दवाखान्यात तर जायचंय." तू म्हणालास, "येडं वाटाय नगं." जुना आजार असलेल्या माणसानं दवाखान्यात कसं जायचं असतं, हे तुला आठ वर्षांत कळलं होतं. बटणं सगळी लावायची, आवाज चढवायचा नाही, नीट सांगायचं, म्हणजे ऐकतील. आणि एवढा नीट दिसलास की डॉक्टर म्हणाले, "चांगला तर दिसतोयस."

आपल्या पेठेतले तेच डॉक्टर. नाव लिहीत नाही. पेठेत सांगायची गरज नाही आणि पेठेबाहेर त्याचा उपयोग नाही. त्यांच्या चिठ्ठ्यांचं पॅड तूच छापायचास. वहिनी बाकाच्या कडेला बसल्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं. डॉक्टर म्हणाले, "काय विष्णू, परत सुरू झालं वाटतं?" तू म्हणालास, "न्हाय डाक्टर, ह्ये तसलं न्हाय. हितं दुखतंय, हात लावून बघा." डॉक्टर म्हणाले, "प्रत्येक वेळी तुला असंच वाटतं." हात लावला नाही. टेबलाच्या पलीकडून उठलेसुद्धा नाहीत. झोपेच्या गोळ्या लिहिल्या, दुप्पट. तू छापलेल्या चिठ्ठीवर.

त्या गोळ्यांनी तू झोपलास. दुखणं झोपलं नाही, ते आत चालूच होतं. तुझे थोरले भाऊ, दादा, घरात सगळ्यांना सांगत होते, "झोपलाय, झोपू द्या. आराम पडला." तिसऱ्या दिवशी सकाळी तुझं अंग भाजत होतं आणि पोट फळीसारखं कडक झालं होतं. वहिनींनी हात लावला. घरात त्या एकट्यांनीच लावला. त्या म्हणाल्या, सरकारी थोरल्या दवाखान्यात न्या. दादा म्हणाले, "तिथं विचारतील आधी कसला आजार होता. काय लिहायचं कागदावर? जरा वाट बघू." दुपारपर्यंत वाट बघितली. सात महिने ज्यांनी तुला गोव्याला ठेवलं होतं, ते एका दुपारसाठीही खरं लिहायला तयार नव्हते. शेवटी वहिनींनीच रिक्षा आणली आणि शेजाऱ्यांना हाका मारल्या. थोरल्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं पोटाला एकदा हात लावला आणि विचारलं, "एवढे दिवस कुठं होता?" ऑपरेशन केलं त्यांनी. दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलास. मी बाहेर पायरीवर बसले होते. कबनूरहून इस्माईल आला होता, एस.टी.नं, एकटा.

तुझ्यावरही मला राग आहे. तू टेबल उलटवायला हवं होतंस. दुखतंय म्हणून बोंब मारायला हवी होतीस, सगळी पेठ जमवायला हवी होतीस. पण बोंब मारली असतीस तर त्यांनी दंडाला धरून तुला घाटाखालीच नेलं असतं, हे तुला ठाऊक होतं. शांत राहिलास तर दुखत नाही, ओरडलास तर वेडा. तुला त्यांनी अशा बोळात उभं केलं होतं की दोन्हीकडची दारं बंद. त्या बोळाची एक कडी आतून मी लावली होती.

तेराव्या दिवशी मी पत्रक लिहिलं. आजवर एवढं जहाल मी लिहिलं नव्हतं. छापखान्यात घेऊन गेले. मालकानं उभ्या उभ्या वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाला, "पोरी, डॉक्टरांचं पॅड आपण छापतो. हे कसं छापू?" मी म्हणाले, तुमचा कंपोझिटर होता तो, पंधरा वर्षं. तो म्हणाला, "म्हणून तर. त्याच्या माघारी वाद नको." तुझ्या नावानं त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. माझी त्याला दया आली नाही.

मग तो कागद मी वहिनींना वाचून दाखवला. दादा ओसरीवर होते. ऐकता ऐकता आत आले. "आता आणि काय शोभा करायची राहिलीय?" म्हणाले. "घरात पोरींची लग्नं व्हायची हायत. झालं गेलं. अल्पशा आजारानं गेला, संपलं." वहिनी त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "अल्पशा आजारानं गेले, ह्येच तर सांगायचंय. तुमी सांगा की चौकात. न्हाय सांगत. लोकं म्हणत्यात जीव दिला, आन् तुमी खाली मान घालून ऐकताय. तुमास्नीबी तेच बरं वाटतंय." दादा चप्पल घालून बाहेर गेले.

वहिनी मला म्हणाल्या, "ह्यात भाऊजी कुठं हायत?"

"म्हणजे?"

"कागदात. वैद्यकीय सत्ता हाय, समाज हाय, ह्ये हाय, ते हाय. भाऊजींचं पोट कुठं हाय?" मी कागद पुन्हा वरून चाळला. "आन् ह्यो कागद वाचून डाक्टर काय करंल? घडी घालून पुडी बांधंल."

दोन वर्षं तू मला हेच सांगत होतास आणि मी वाद घालत होते. चौथी शिकलेल्या बाईनं एका वाक्यात सांगितलं. मी ते पत्रक फाडलं नाही, ठेवलंय. पण त्याऐवजी हे लिहायला बसले, एका माणसाबद्दल, 'मी' म्हणून. हे इचलकरंजीच्या एका मासिकाला पाठवतेय, कारण इथलं कुणी छापणार नाही.

कुणी म्हणेल, क्षमा करावी. तू तर नक्कीच म्हणाला असतास. डॉक्टर चांगले आहेत, गरिबाकडून फी घेत नाहीत. दादांनी तुला सांभाळलं, दुसऱ्या कुणी घराबाहेर काढलं असतं. मास्तर भोळे आहेत. सगळ्यांची बाजू तू मांडली असतीस, आणि मी कदाचित ऐकलंही असतं. या गावात माझा राग उतरवणारा एकच माणूस होता. त्यांनी त्यालाच मरू दिलं, आता माझ्या रागाचं त्यांनीच बघावं. मास्तरांना मी सांगितलंय की त्या दिवशी आपण काय केलं. ते म्हणाले, मला झोप येणार नाही आता. मी म्हणाले, येऊ नये. इस्माईलला सांगावं लागलं नाही, त्याला पायरीवरच कळलं होतं. आम्ही तिघं अजून बसतो, सुट्टीच्या दिवशी. मी बोलायला लागलेय. कुणी काही दुखतं म्हणालं की आता आधी विचारतो, कुठं. पण ते ऐकून तुझं काय भलं होणार.

वहिनींनी मात्र कागद-बिगद काही केलं नाही. मी पत्रक वाचून दाखवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरचं आवरून त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गेल्या आणि बाहेरच्या बाकावर बसल्या. कंपाउंडरनं विचारलं, "काय होतंय?" म्हणाल्या, "मला काय न्हाय होत. बसलीय." आत जाणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगायच्या, "डाक्टरास्नी हात लावून बघाय सांगा. आमच्या भाऊजींना न्हाय लावला, पोट फुटून गेले." आवाज चढवायचा नाही, शिवी नाही. पुढच्याला तेच, त्याच्या पुढच्याला तेच. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, "बाई, हे बरं नव्हे." वहिनी म्हणाल्या, "व्हय, बरं न्हाय." आणि बसून राहिल्या. बाईमाणसाला हात धरून उठवायची कंपाउंडरची छाती होईना. आता रोजचं झालंय. दादांनी दोन दिवस जेवण टाकलं, तिसऱ्या दिवशी जेवले.

काल मी जाऊन त्यांच्या शेजारी बसले. त्या जरा सरकल्या. दवाखाना भरलेला होता. दार अर्धवट उघडं होतं, त्यातून आतलं दिसत होतं. डॉक्टर टेबलामागून उठत होते, पेशंटला आडवं करत होते, पोट चाचपत होते. एकेकाचं. ताप असलेल्याचं, खरूज झालेल्याचं, सगळ्यांचं. घाम पुसत होते. उचगावचा एक म्हातारा कानाला फडकं बांधून आत गेला, बऱ्याच वेळानं बाहेर आला आणि सदऱ्याची बटणं लावत आमच्यापुढं उभा राहिला.

"काय डाक्टर हाय का कोण?" म्हणाला. "कान ठणकतोय म्हणून सांगितलं, तर पोट दाबाय लागला की."

"दाबू द्या, पावणं," वहिनी म्हणाल्या. "शिकाय लागल्यात ते."